घरात जुगाराचं व्यसन असेल तर: पुण्यात मदत कोणत्या क्रमाने घ्यावी

जुगाराचं कर्ज उघडकीस आलं की बहुतेक घरांत एकच गोष्ट होते. चार वडीलधारी बसतात, मुलाला देवासमोर शपथ घ्यायला लावतात, सोनं मोडून किंवा भावकीतून पैसे उभे करून देणी मिटवतात. डॉक्टरचा विषय निघालाच तर सगळ्यात शेवटी निघतो. काही महिन्यांनी पुन्हा तेच होतं आणि रक्कम आणखी मोठी असते.

यातल्या बऱ्याच गोष्टी कधी ना कधी कराव्याच लागतात, पण त्या उलट्या क्रमाने झालेल्या असतात. देणी आधी फिटली की खेळणाऱ्याची उधारीची पत पुन्हा उभी राहते. पैसे मिळण्याच्या वाटा उघड्याच असतात आणि आजाराला कोणी हातही लावलेला नसतो. म्हणून आधी जिवाचा धोका, मग कागदपत्रं, मग बोलणं, मग पैशाच्या वाटा, मग उपचार आणि त्यानंतर कर्ज, असा क्रम ठेवा. स्वतः खेळणारा हे वाचत असेल तर त्याने टप्पा १ वाचून थेट टप्पा ४ आणि ५ कडे जावं.

सुरू करण्याआधी: हे व्यसनच आहे का?

दोन प्रश्न विचारा. जास्त जास्त पैसे लावावेत अशी ओढ त्याला कधी वाटली आहे का? आणि किती खेळतो याबद्दल तो जवळच्या माणसांशी खोटं बोलला आहे का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत जुगाराचं व्यसन हा स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेला आहे. ‘मनावर घेतलं तर सुटेल’ हे वाक्य इथेच बाजूला ठेवा.

जुगार म्हणजे फक्त मटक्याचा आकडा, रमी किंवा रेसकोर्स नव्हे. क्रिकेटच्या सट्ट्याचा ‘आयडी’, रंग ओळखायची ॲप्स, लॉटरी हे सगळं त्यात येतं. आयटीतल्या घरांमध्ये सर्वात उशिरा लक्षात येतो तो शेअर बाजारातला ऑप्शनचा खेळ (भाव पुढे वर जाईल की खाली यावर केलेले सौदे), कारण तो ‘ट्रेडिंग’ या नावाखाली चालतो. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमधल्या ९३ टक्के वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांना तोटा झाला. प्रत्येक ट्रेडर व्यसनी नसतो. पण गेलेले पैसे ‘रिकव्हर’ करण्यासाठी कर्ज काढून खेळणं आणि ते घरी लपवणं सुरू झालं असेल, तर बाजार कायदेशीर असल्याने काहीच फरक पडत नाही.

टप्पा १: जिवाचा धोका आहे का ते आधी पाहा

जुगाराच्या व्यसनात आत्महत्येचा धोका मोठा असतो. कर्ज उघडकीस आल्यानंतरचे पहिले काही दिवस सर्वात नाजूक. विम्याची पॉलिसी काढून वाचणं, ‘मी नसलो की सगळं मिटेल’ असं बोलणं, अचानक सगळ्यांची माफी मागत फिरणं, या खुणा दिसल्या तर थेट विचारा: ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट माणूस बोलता होतो.

उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटं सोडू नका. घरातली कीटकनाशकं आणि गोळ्यांचा साठा हलवा. १४४१६ या टेली-मानसच्या (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) क्रमांकावर लगेच फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. धोका समोर दिसत असेल तर ११२ लावा किंवा ससूनच्या अथवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. पोलीस केस होईल या भीतीने कोणी थांबू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरलं जातं.

*थांबा:* हा धोका असेल तोवर हिशेब, जाब आणि नातेवाइकांची बैठक, सगळं पुढे ढकला.

टप्पा २: आपल्या नावावर काय काय आहे ते शोधा

बोलण्याआधी हे करायचं. इथे घरचे त्याचा फोन हिसकावून तपासायला जातात. त्यातून भांडण होतं, हाती अर्धवट माहिती येते आणि तो पुढचे पुरावे पुसून टाकतो. त्याऐवजी आधी स्वतःच्या नावावरचं तपासा. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने आपापला क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे नावावरच्या कर्जांचा अहवाल, काढावा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्या वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट मोफत देतात. आईच्या किंवा बायकोच्या आधार-पॅनवर तिच्याच फोनवरचा ओटीपी घेऊन ॲपचं कर्ज काढलेलं असू शकतं, आणि ते इथे दिसतं. ‘संचार साथी’ पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम कार्डं चालू आहेत तेही पाहा.

मग सोनं मोजा. लॉकर प्रत्यक्ष उघडा, कपाटातल्या डब्या उघडून बघा. सोनेतारणाच्या पावत्या गाडीच्या डिकीत किंवा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या जातात. एलआयसीच्या पॉलिसीवर कर्ज आहे का, हे शाखेत विचारता येतं. भिशीचा नंबर आधीच उचलला आहे का, हे भिशी चालवणाऱ्याला विचारा.

मुळशी, हवेली, खेडकडे शेतजमीन असेल तर ताजा सातबारा काढा आणि ‘इतर हक्क’ या रकान्यातला बोजा वाचा. फ्लॅटसाठी इंडेक्स टूचा (दस्तनोंदणीचा उतारा) शोध घ्या. मूळ खरेदीखत घरात आहे ना, हे हातात घेऊन बघा. झेरॉक्सवर समाधान मानू नका.

पतसंस्थेचं कर्ज वेगळं लक्षात ठेवा, कारण तिथे जामीनदार असतात. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हप्ते थकले तर सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो आणि जामीन राहिलेल्या मित्राच्या किंवा चुलत्याच्या पगारापर्यंत वसुली जाऊ शकते. म्हणून तुमच्या घरातलं कोण कुठे जामीन आहे, आणि त्याच्यासाठी कोण जामीन राहिलं आहे, याची वेगळी यादी करा.

*तपासा:* एका वहीत चार रकाने हवेत: कोणाचं देणं, किती, कोणाची सही, काय तारण. या टप्प्यावर आकडे अर्धवट असतील. तसेच राहू द्या.

टप्पा ३: बोलणं

एकाने किंवा दोघांनी बोलावं. काका, मामा आणि सोसायटीचे चेअरमन एकत्र बसवू नका. मॅचच्या दिवशी नको, पगाराच्या दिवशी नको, पिऊन आल्यावर तर मुळीच नको. मुलं घरात नसतील अशी सकाळची वेळ बरी.

वही समोर ठेवून, माहीत असलेल्या गोष्टींपासून सुरुवात करा. आई मुलाशी असं बोलू शकते: ‘माझ्या नावावर दोन कर्जं निघाली आहेत. तू खेळतोस हे मला कळलंय. तुला हाकलायला बसले नाहीये. पण आजपासून मी एक रुपयाही देणार नाही, आणि तुझ्याबरोबर डॉक्टरकडे येणार आहे.’ एवढं पुरे.

तीन गोष्टी टाळा. पहिली, शपथ. मुलांच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली की लाज वाढते आणि लाजेतून लपवाछपवी वाढते. दुसरी, ‘सगळं आत्ताच्या आत्ता सांग’ ही मागणी. पहिल्या दिवशी सांगितलेला आकडा जवळजवळ कधीच पूर्ण नसतो. उरलेला नंतर बाहेर आला की घर नव्याने कोसळतं. म्हणून आधीच सांगून ठेवा की आठवड्याने वही पुन्हा उघडू, तोवर आठवेल ते लिही. तिसरी, धमकी. घटस्फोटाचा किंवा घराबाहेर काढायचा उच्चार तेव्हाच करा, जेव्हा ते खरोखर करायचं ठरलेलं असेल.

तो तयार झाला तर त्याच बैठकीत त्याच्याच फोनवरून त्याचा क्रेडिट रिपोर्ट काढा. तयार झाला नाही तरी पुढचा टप्पा थांबत नाही, कारण त्यातला अर्धा भाग तुमच्या हातात आहे.

टप्पा ४: पैशाच्या वाटा बंद करा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात अर्धवट केला जाणारा टप्पा हाच. ओढ येते तेव्हा ती काही मिनिटांची, फार तर काही तासांची असते. त्या वेळात हाताशी पैसा नसणं हे फार मोठं संरक्षण आहे.

*तुमच्या हातात असलेलं, आजच करायचं.* आपले सगळे पिन, पासवर्ड आणि फोनचं लॉक बदला. एटीएम कार्डं आपल्याजवळ ठेवा. लॉकर दोघांच्या नावावर असेल तर बँकेत जाऊन तो चालवण्याची पद्धत बदलण्याबद्दल विचारा. नाहीतर सोनं आपल्या एकट्याच्या नावाच्या लॉकरमध्ये हलवा. संयुक्त खातं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असेल तर एकटा माणूस सगळी रक्कम काढू शकतो. त्यातले घरखर्चाचे पैसे स्वतःच्या खात्यात वळवा.

*त्याच्या संमतीने करायचं.* पगार जमा होतो त्याच दिवशी रक्कम घरखर्चाच्या खात्यात जाईल अशी स्टँडिंग इन्स्ट्रक्शन बँकेत द्या. ‘पगार झाला की मी पाठवतो’ यावर विसंबू नका. यूपीआय फक्त एका लहान खात्याला जोडलेलं ठेवा, त्यात आठवड्याच्या खर्चापुरतेच पैसे टाका आणि रोजची मर्यादा कमी करा. क्रेडिट कार्ड बंद करा; नुसतं कापून फेकलं तर त्याचा नंबर ॲपमध्ये साठवलेला राहतो. डेबिट कार्डाचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद करता येतात. ओव्हरड्राफ्ट, ‘आत्ता घ्या, नंतर भरा’ अशा सुविधा आणि पूर्वमंजूर कर्जाच्या ऑफर बंद करण्याचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

ऑप्शनचा नाद असेल तर ब्रोकरकडे फ्युचर्स-ऑप्शनचा विभाग निष्क्रिय करा. ट्रेडिंग खातं स्वतःहून गोठवण्याची सोय सेबीने ब्रोकरांना द्यायला लावली आहे, ती वापरा. फोनवर जुगाराच्या साइट्स अडवणारं बेटब्लॉकरसारखं मोफत ॲप टाका आणि सट्ट्याचे टेलिग्राम व व्हॉट्सॲप गट सोडा. बुकीचा नंबर ब्लॉक करण्याआधी संवादाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा; टप्पा ६ मध्ये लागतात.

फोन फोडणं किंवा काढून घेणं हा उपाय नाही. दुसरा फोन हजारा-दोन हजारांत मिळतो आणि तो तुम्हाला दिसत नाही.

*सावधान:* कमिशनवर आपलं बँक खातं, पासबुक किंवा सिम ‘वापरायला’ दिलेलं आहे का, हे स्पष्ट विचारा. सट्ट्याचे आणि फसवणुकीचे पैसे अशाच भाड्याच्या खात्यांतून फिरतात आणि पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात. तसं असेल तर बाकी काही करण्याआधी वकील गाठा.

टप्पा ५: उपचार सुरू करा

मानसोपचारतज्ज्ञापासून सुरुवात करा. पुण्यात सरकारी पातळीवर ससूनचा मानसोपचार विभाग आहे, येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. पिंपरी-चिंचवडकरांना संत तुकारामनगरचं वायसीएम जवळ पडतं. सकाळी लवकर जा, केसपेपर काढा, आधार कार्ड आणि जुनी औषधं बरोबर ठेवा. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून दारू आणि इतर व्यसनांवर काम करत आहे. जुगाराबरोबर दारूही असेल तर तिथे विचारणा नक्की करा. आधी फोन करून जुगारासाठी आणि कुटुंबासाठी कोणती सोय आहे, ते स्पष्ट विचारून जा.

डॉक्टरांसमोर गेल्यावर लोक ‘झोप येत नाही, टेन्शन आहे’ एवढंच सांगतात. मग झोपेची गोळी घेऊन परत येतात, आणि जुगाराचा उल्लेख कुठेच होत नाही. पहिल्या वाक्यातच सांगा: जुगाराचं व्यसन आहे, इतकी वर्षं, इतकं कर्ज. आत्महत्येचे विचार, दारू, खूप उत्साहाचे आणि कमी झोपेचे काळ, यांबद्दलही बोला. नैराश्य किंवा बायपोलर आजार सोबत असेल तर उपचार बदलतो. चालू असलेली सगळी औषधं दाखवा. पार्किन्सनवरच्या प्रामिपेक्सोलसारख्या औषधांमुळे काहींना जुगाराची ओढ लागते. वडिलांनी साठीनंतर अचानक लॉटरी किंवा पत्त्यांचा नाद लावून घेतला असेल तर हा मुद्दा विसरू नका. औषध स्वतःहून मात्र बंद करू नका.

उपचाराचा मुख्य भाग समुपदेशनाचा असतो. खेळायला लावणारे विचार आणि प्रसंग ओळखून वागणं बदलण्याची पद्धत त्यात वापरतात. औषधं गरजेप्रमाणे. दोन भेटींत काही होत नाही म्हणून सोडू नका; पुढच्या तारखा कॅलेंडरवर लिहा आणि सुरुवातीला बरोबर जा. जोडीला गॅम्बलर्स ॲनॉनिमस या जुगार सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या सभा आहेत, त्या ऑनलाइनही भरतात.

*सावधान:* ‘आमची गाडी येईल, माणसं उचलून नेतील, सहा महिने बघायला यायचं नाही’ असं सांगणाऱ्या केंद्रापासून दूर राहा. मानसिक आरोग्य सेवा कायद्याखालची नोंदणी दाखवायला सांगा, डॉक्टर कोण आणि कधी येतात ते विचारा, राहण्याची जागा आत जाऊन बघा. संमतीशिवाय दाखल करण्याला कायद्याच्या अटी आहेत. घरच्यांची चिडचिड ही त्यातली अट नाही.

टप्पा ६: आता कर्ज

वही पूर्ण झाली, वाटा बंद झाल्या, उपचाराच्या दोन-तीन भेटी झाल्या की कर्जाकडे वळा. सगळी देणी एकसारखी नसतात. जो जास्त ओरडतो त्याला आधी दिलं जातं, आणि तो बहुतेक वेळा कायद्याने सगळ्यात कमकुवत असतो.

बुकी. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार रद्दबातल असतो. ती रक्कम वसूल करायला कोर्टात दावा चालत नाही. धमकी आली तर तो खंडणीचा विषय होतो आणि पोलिसांकडे जाता येतं. पण जाण्याआधी वकिलाशी बोला, कारण अड्ड्यावर खेळणं हाही १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. ऑनलाइन पैशाच्या खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या कायद्यात शिक्षा आहे ती चालवणाऱ्यांना, जाहिरात करणाऱ्यांना आणि पैसे वळवणाऱ्यांना. नुसतं खेळणाऱ्याला नाही.

खासगी सावकार. परवाना मागा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे होते. बेकायदेशीर सावकारीत लिहून घेतलेली जमीन किंवा घर परत मिळवण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. कोरे चेक दिलेले असतील तर त्यांचे नंबर वहीत लिहा. चेक न वटल्याची नोटीस आली की ती हाती पडल्यापासून पंधरा दिवसांची मुदत चालू होते. पाकीट न उघडता कपाटात टाकू नका, त्याच आठवड्यात वकिलाला दाखवा.

बँका, पतसंस्था, फायनान्स कंपन्या. हे देणं खरं आहे आणि फेडावं लागणार. शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या: हप्ता कमी करून मुदत वाढवा. जामीनदार अडकलेली कर्जं वर ठेवा. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचे नाहीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, चौकशीसाठी १४४४८.

कर्जाची ॲप्स. फोटो बदलून पाठवण्याची धमकी, संपर्क यादीतल्या लोकांना फोन, असं झालं तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर किंवा सायबर पोलिसांकडे तक्रार करा. भीतीपोटी एका ॲपचं फेडायला दुसऱ्यातून काढू नका.

नातेवाईक, मित्र. यांना पैशांपेक्षा आधी खरी माहिती द्या. ‘तो आजारी आहे, उपचार चालू आहेत, थोडं थोडं देऊ, आणि कृपा करून त्याला पुन्हा उसने देऊ नका.’ हे ऐकायला लोक तयार असतात.

सज्ञान माणसाचं कर्ज बायकोला किंवा आईवडिलांना आपोआप लागत नाही. तुमची सही कर्जदार, सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून असेल तरच तुम्ही बांधील. म्हणून दबावाखाली आता नवीन सही करू नका. आणि फेडताना रोख रक्कम त्याच्या हातात कधीही देऊ नका. घरच्यांनी द्यायचंच ठरवलं तर ज्याचं देणं आहे थेट त्याच्या खात्यात भरा आणि पावती वहीला लावा. जमेल तितकं त्याच्या स्वतःच्या पगारातून, हप्त्याने फिटू द्या.

*सावधान:* ‘हरलेले पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा’ असं सांगणारे फोन येतात. ती दुसरी फसवणूक असते.

टप्पा ७: घरच्यांनी स्वतःसाठी मागायची मदत

हा टप्पा खरं तर पहिल्या दिवसापासूनच सुरू होतो. तो उपचाराला नाही म्हणाला तरी बायकोने, आईने, बहिणीने १४४१६ वर स्वतःसाठी बोलावं, स्वतः समुपदेशकाकडे जावं. त्याच्या होकारावर तुमची मदत अवलंबून नाही.

स्त्रीधन विकलं, पगार हिसकावला, घरखर्च बंद केला, तर कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ मध्ये हा आर्थिक छळ धरला आहे. १८१ या महिला हेल्पलाइनवरून संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत पोचता येतं. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर शिवाजीनगरच्या न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. आधी फोनवर विचारायचं असेल तर १५१०० आहे.

मुलांना वयाप्रमाणे खरं सांगा: बाबांना एक आजार आहे, उपचार चालू आहेत, यात तुझी काही चूक नाही. घराची अब्रू सांभाळायचं काम मुलांकडे देऊ नका.

टप्पा ८: पुन्हा खेळला तर

तयारी आधीच करा. आयपीएल सुरू होण्याआधी, बोनसच्या महिन्यात, जमिनीचे पैसे येणार असतील तेव्हा, श्रावणात किंवा दिवाळीत पत्ते बसतात तेव्हा डॉक्टरांची भेट मुद्दाम ठेवा. आलेली मोठी रक्कम त्याच्या खात्यात एक रात्रही राहू देऊ नका.

घसरला आणि स्वतःहून सांगितलं, तर त्या सांगण्याला शिक्षा करू नका. त्याच दिवशी चार गोष्टी करा: जिवाचा धोका विचारा, पैसा कुठून मिळाला ते शोधून ती वाट बंद करा, वहीत रक्कम लिहा, डॉक्टरांची पुढची तारीख अलीकडे आणा. पैसे नव्या कर्जातून आले असतील तर ते फेडायची घाई पुन्हा नको; टप्पा ६ मधलीच पद्धत. लपवून खेळला आणि तुम्हाला दुसरीकडून कळलं, तर टप्पा २ पासून सगळं पुन्हा तपासा, सोन्याच्या डब्यांसकट.